गिनी-बिसाऊचे स्वातंत्र्ययुद्ध : लष्करी वाटचाल

गिनी-बिसाऊचे स्वातंत्र्ययुद्ध : पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज गिनी या वसाहतीत पीएआयजीसी (गिनी व केप व्हर्डच्या स्वातंत्र्यासाठीचा आफ्रिकी पक्ष) हा राष्ट्रवादी पक्ष आणि पोर्तुगीज सैन्य यांच्यात १९६३ ते १९७४ या काळात झालेले गनिमी युद्ध. सुमारे ३६,००० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा प्रदेश अंगोला व मोझांबिक यांच्या मानाने अगदी लहान होता. तरीही पोर्तुगालच्या तिन्ही आफ्रिकी युद्धांपैकी लष्करी दृष्ट्या सर्वांत बिकट अवस्था येथेच ओढवली.

कृषितज्ज्ञ आमील्कार काब्राल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बिसाऊ येथे पक्षाची स्थापना केली. ३ ऑगस्ट १९५९ रोजी पिझिगिती गोदीतील संपकरी कामगारांवर गोळीबार झाल्यानंतर पक्षाने शहराऐवजी ग्रामीण भागावर भर दिला आणि शेजारच्या स्वतंत्र गिनीतील कोनाक्री हे आपले मुख्य केंद्र केले. शेतीच्या पाहणीसाठी काब्राल पूर्वी वसाहतभर हिंडले होते. कोणत्या भागात कोण पिकवते, कोणाचे कोणाशी पटत नाही, याची ती माहिती पुढे युद्धाच्या आखणीत कामी आली. दक्षिणेतील भातशेती करणाऱ्या बालांता समाजाचा पक्षाला मोठा आधार मिळाला, तर पूर्वेकडील फुला समाजाचे बहुतेक प्रमुख पोर्तुगिजांच्या बाजूने राहिले.

२३ जानेवारी १९६३ रोजी गेबा खाडीपलीकडील तीते येथील लष्करी ठाण्यावर हल्ला करून युद्धाला तोंड फुटले. भरती-ओहोटीच्या नद्या, खारफुटी आणि दाट जंगल यांनी व्यापलेल्या दक्षिणेत सैन्याच्या हालचाली आधीच अवघड होत्या. रस्त्यांवर सुरुंग पेरले जाऊ लागल्यावर रसद मुख्यतः नौकांनी आणि विमानांनी पोचवावी लागे. १९६४ च्या आरंभी पोर्तुगिजांनी कोमू बेटावर भूदल, नौदल व वायुदल यांची मोठी संयुक्त मोहीम काढली. सुमारे अडीच महिन्यांच्या लढाईनंतरही बेटावर त्यांचा पक्का ताबा बसला नाही. त्याच सुमारास कासाका येथील अधिवेशनात पक्षाने मनमानी करणाऱ्या स्थानिक नायकांना आवरले आणि विखुरलेल्या टोळ्यांमधून नियमित सैन्य उभारले. कोमूपेक्षा ही घटना अधिक महत्त्वाची मानावी लागेल, कारण ही शिस्त नसती तर पुढील दहा वर्षे युद्ध चालवणे अशक्य होते.

१९६८ मध्ये आंतोनियो द स्पीनोला गव्हर्नर व सरसेनापती झाले. त्यांनी टिकवता न येणारी दूरची ठाणी सोडली, हेलिकॉप्टरने छापे घालण्यावर भर दिला, आफ्रिकी सैनिकांची कमांडो पथके उभारली आणि शाळा, रस्ते, घरे बांधून लोकांना आपलेसे करण्याचा प्रयत्न केला. याच माघारीत फेब्रुवारी १९६९ मध्ये मादिना दू बोए सोडताना कोरुबाल नदीत तराफा बुडून चाळीसहून अधिक सैनिक दगावले. नोव्हेंबर १९७० मध्ये समुद्रमार्गे कोनाक्रीवर घातलेल्या छाप्यात युद्धकैद्यांची सुटका झाली. मात्र काब्राल हाती लागले नाहीत आणि पोर्तुगालची जगभर नाचक्की झाली.

२० जानेवारी १९७३ रोजी पक्षातीलच बंडखोरांनी कोनाक्री येथे काब्राल यांची हत्या केली. पक्ष मोडेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. मार्चमध्ये सोव्हिएत बनावटीची, खांद्यावरून डागता येणारी स्ट्रेला क्षेपणास्त्रे वापरात आली आणि पोर्तुगीज विमाने पडू लागली. उड्डाणांवर बंधने येताच हवाई आधारावर विसंबलेली ठाणी एकाकी पडली, जखमींना हलवणेही दुरापास्त झाले. मे महिन्यात उत्तरेला गिदाझ व दक्षिणेला गिलेझ ही ठाणी तोफांच्या माऱ्याखाली आली; गिलेझच्या प्रमुखाने २२ मे रोजी ठाणे रिकामे केले आणि त्याबद्दल त्याला अटक झाली. १९६१ मध्ये गोव्यात भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करणारे गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा यांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने बडतर्फ केले होते. उद्या गिनीतील पराभवाचे खापरही आपल्यावरच फोडले जाईल, ही धास्ती अधिकाऱ्यांमध्ये होती.

२४ सप्टेंबर १९७३ रोजी पक्षाने बोए परिसरात स्वातंत्र्याची एकतर्फी घोषणा केली. बिसाऊ आणि इतर मोठी गावे मात्र अखेरपर्यंत पोर्तुगिजांकडेच होती. गिनीत लढलेल्या अनेक अधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या लष्करी चळवळीने २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील राजवट उलथवली आणि १० सप्टेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली.