पियानो आणि वस्ती : अर्जेंटिनातल्या दोन कामांची पार्श्वभूमी

अर्जेंटिनात वंचित तरुणांसाठी झटलेल्यांचा विषय निघाला की पियानोवादक मिगेल आन्हेल एस्त्रेया यांचा तुरुंगवास आणि फादर कार्लोस मुहिका यांचा खून, या दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. दोन्ही खऱ्या आणि भयंकर. पण त्या सांगण्याच्या ओघात रोजचं काम कसं चालायचं, कुठे अडायचं, हे बाजूला पडतं. खरं तर आज उपयोगी पडेल असं जे काही आहे, ते त्या रोजच्या कामातच आहे.

सुरुवात उसाच्या पट्ट्यातून करावी लागते. १९६६ मध्ये जनरल ओंगानिया यांच्या लष्करी राजवटीने उत्तरेकडच्या तुकुमान प्रांतातले साखर कारखाने बंद करायला घेतले. २७ पैकी ११ कारखान्यांना दोन-तीन वर्षांत टाळं लागलं. त्यावर जगणारी गावंच्या गावं रिकामी होऊ लागली आणि बरीच माणसं ब्युनोस आयर्सच्या झोपडपट्ट्यांमध्ये येऊन पडली. या वस्त्यांना तिथे 'विया' म्हणतात. म्हणजे गावाकडचा ऊसतोड मजूर आणि राजधानीतला झोपडीवासी ही पुष्कळदा एकाच कुटुंबातली माणसं होती.

एस्त्रेया तुकुमानचेच, जन्म १९४०. लेबनॉनहून आलेल्या आजोबांचं घराणं. ब्युनोस आयर्सला शिकून ते पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे गेले, मैफली गाजवू लागले. तरीही गावाकडे येऊन गायिका पत्नी मार्ता यांच्यासोबत ऊस मजुरांपुढे वाजवायचं त्यांनी सोडलं नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण साधा उभा पियानोच दोन-अडीचशे किलोंचा. आत दोनशेच्या वर तारा, त्यांचा ओतीव लोखंडी चौकटीवरचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. तारांमागे लाकडाचा पातळ फळा असतो, तोच आवाज मोठा करतो. तुकुमानच्या दमट उन्हाळ्यात तो फुगतो आणि सूर चढतात; त्याच देशात हुहुय प्रांतातल्या तिलकारासारख्या कोरड्या डोंगराळ गावी तो आकसतो आणि सूर उतरतात. पियानो ट्रकमधून उतरवला आणि लगेच सूर लावले, तर ते टिकत नाहीत. लाकडाला नव्या हवेत मुरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी कोण थांबणार? म्हणून दौऱ्यावरच्या वादकाला बेसूर पियानोवर निभावून नेण्याची सवय लागते, आणि कुठलीही रचना निवडताना ती अशा वाद्यावर टिकेल का, हे आधी पाहावं लागतं.

मार्ता १९७५ मध्ये कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी अर्जेंटिनात लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि एस्त्रेया उरुग्वेला गेले. तिथेही लष्करशाहीच होती. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांना मोन्तेविदेओत पकडलं. छळ करणाऱ्यांचा रोख त्यांच्या हातांवर होता. ते तोडून टाकण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. बुलांजे, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन अशा अनेकांनी बाहेरून दबाव लावून धरला. त्या रेट्यामुळेच तुरुंगात त्यांना आवाज न करणारा एक पियानोचा पट्टा (कीबोर्ड) मिळाला.

मुका पट्टा म्हणजे फक्त पट्ट्यांची रांग; हातोड्या नाहीत, तारा नाहीत. बोटांची ताकद आणि अंतराचा अंदाज त्यावर टिकतो. खऱ्या पियानोची एक पट्टी दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं; मुक्या पट्ट्यावर तेवढाच विरोध असेल, तर सराव कामाचा. गोची वेगळीच असते. कानाला काहीच उत्तर मिळत नाही म्हणून वादक नकळत जोर वाढवतो आणि मनगट-कोपर आखडतात. हळू वाजवण्यातले बारकावे सर्वांत आधी जातात. त्यावर उपाय एकच: प्रत्येक ओळ आधी मनात ऐकायची आणि मगच बोट टेकवायचं.

फेब्रुवारी १९८० मध्ये सुटका झाली आणि एस्त्रेया फ्रान्समध्ये स्थिरावले. १९८२ मध्ये त्यांनी 'मुसिका एस्पेरान्सा' ही संस्था सुरू केली. तुरुंग, इस्पितळं, गरीब वस्त्या अशा ठिकाणी वादकांनी जायचं, ही तिची पहिली कल्पना. नुसतं एवढंच राहिलं असतं, तर ती दानशूरांची करमणूक ठरली असती. कलाकार येतो, टाळ्या होतात, गाडी निघून जाते. मुलांच्या हाती काहीच राहत नाही. खरा फरक पडतो तो गावातल्याच तरुणांना शिकवण्यापुरतं तयार करून तिथे वर्ग उभे राहतात तेव्हा. तिलकारात संस्थेचं केंद्र उभं राहिलं ते याच वाटेने, आणि तिथे पियानोइतकाच मान त्या भागातल्या वाद्यांना आहे.

आता चर्चची बाजू. ब्युनोस आयर्सच्या धर्मप्रांताने १९६९ मध्ये काही पाद्र्यांना झोपडपट्टीत राहून काम करायला मान्यता दिली. मुहिका त्यांतले सर्वांत गाजलेले. बडे घराणे, वडील परराष्ट्रमंत्री राहिलेले. रेतिरो स्टेशनाला लागून असलेल्या 'विया ३१' वस्तीत त्यांचं चर्च होतं. ११ मे १९७४ रोजी दुसऱ्या एका चर्चबाहेर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढे लष्करी राजवटीने १९७८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास वस्त्यांवर बुलडोझर फिरवले. विया ३१ मध्ये जेमतेम ४६ कुटुंबं उरली, आणि ती उरली तीसुद्धा वकील आणि पाद्री पाठीशी होते म्हणून.

पुढची पिढी वेगळ्याच संकटात सापडली. २००१ च्या आर्थिक कोसळणीनंतर 'पाको' हा कोकेन बनवताना उरणाऱ्या गाळाचा स्वस्त नशेचा पदार्थ वस्त्यांत पसरला. त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो, म्हणून माणूस दिवसभर तेच ओढत राहतो; जेवण सुटतं, फुप्फुसं खराब होतात, अंगावरचे कपडेही विकले जातात. बाराकास भागातल्या 'विया २१-२४' मध्ये १९९७ पासून असलेले फादर होसे मारिया दी पाओला (सगळ्यांचे 'पेपे') यांच्या लक्षात आलं की रूढ व्यसनमुक्ती केंद्रं या मुलांना जमत नाहीत. तिथे अर्ज लागतो, ओळखपत्र लागतं, ठरल्या तारखेला यावं लागतं. दोन रात्री रस्त्यावर काढलेला पोरगा यातलं काहीही पुरवू शकत नाही.

म्हणून २००८ च्या पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीचा गुरुवार; येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण या दिवशी करतात) वस्तीतच 'ओगार दे क्रिस्तो' हे केंद्र उघडलं. त्या दिवशी तेव्हाचे कार्डिनल होर्हे बेर्गोलिओ, म्हणजे नंतरचे पोप फ्रान्सिस, यांनी व्यसनी तरुणांचे पाय धुतले. फोटो त्याचेच छापले गेले. केंद्राची रचना मात्र साधी आहे: दार उघडं, आल्यावर आंघोळ आणि जेवण, चौकशी नंतर. मग ओळखपत्र काढायला सोबत जायचं, कारण त्याविना शाळा, नोकरी, सरकारी मदत सगळंच अडतं. क्षयरोग असेल तर किमान सहा महिने रोजच्या गोळ्या. बरं वाटलं की पोरगा मध्येच सोडतो आणि मग जंतू औषधांना दाद देत नाहीत, त्यामुळे गोळी समोर उभं राहून घ्यायला लावायची. ज्यांना वस्तीतल्या विक्रेत्यांपासून लांब नेणं गरजेचं, त्यांच्यासाठी शहराबाहेरची शेतघरं. सर्वांत जास्त पोरं घसरतात ती तिथून परतल्यावर. शेतावर नशा मिळत नसते, गल्लीत ती कोपऱ्यावरच असते. परतल्यावर राहायला घर आणि करायला काम नसेल, तर शेतावरचे महिने वाया जातात.

२००९ मध्ये वस्तीतल्या पाद्र्यांनी लिहून जाहीर केलं की इथे अंमली पदार्थ प्रत्यक्षात गुन्हाच राहिलेले नाहीत. लगोलग पेपेंना जिवे मारण्याची धमकी आली. २०१० च्या अखेरीस ते सान्तियागो देल एस्तेरो प्रांतातल्या कांपो गाय्यो या आडगावी गेले. २०१३ मध्ये परतून त्यांनी राजधानीलगतच्या सान मार्तीनमधल्या 'ला कार्कोवा' वस्तीत काम उभारलं. एस्त्रेया एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये वारले. 'ओगार दे क्रिस्तो'ची केंद्रं तोवर अर्जेंटिनाच्या अनेक प्रांतांत पोचली होती.