झोंगझीची पुरचुंडी: नदीतला कवी आणि राखेचं पाणी

चिनी चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, ड्रॅगन बोट उत्सवाला, घरोघरी झोंगझी शिजते. चिकट तांदूळ पानात गुंडाळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि ती टोकदार पुरचुंडी उकळत्या पाण्यात सोडायची. तिच्या जन्माची कथा तिथल्या लहान मुलांनाही पाठ असते. चू राज्याचा मंत्री आणि कवी छ्यू युआन हद्दपार झाला. इ.स.पू. 278 मध्ये छिन राज्याच्या सैन्याने चूची राजधानी घेतली, तेव्हा त्याने आजच्या हुनान प्रांतातल्या मिलुओ नदीत जीव दिला. माशांनी देहाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला.

मग पान आणि दोरा कुठून आला? त्याचं उत्तर वू जून (इ.स. 469–520) या लेखकाने नोंदवलेल्या कथेत मिळतं. लोक दरवर्षी बांबूच्या नळकांड्यात तांदूळ भरून नदीला वाहत. एकदा छ्यू युआनचा आत्मा चांगशातल्या एका माणसाला दिसला आणि म्हणाला, तुमचे तांदूळ पाण्यातला ड्रॅगन पळवतो. नळकांड्याच्या तोंडात बकाणनिंबाचा पाला कोंबा, वरून पंचरंगी दोरा गुंडाळा, या दोन्हींना तो भितो. बकाणनिंब आपल्या कडुनिंबाच्याच कुळातला, त्याचा कडू पाला किडींना नकोसा. ड्रॅगनसाठी नेमकं हेच झाड निवडलं गेलं, यात मला जुनं निरीक्षण दिसतं.

पण पदार्थ या कथेहून जुना आहे. इ.स. 297 मध्ये वारलेल्या झोऊ छू या लेखकाने लिहून ठेवलेली कृती अशी: पाणथळ जागी वाढणाऱ्या गवताच्या पानांत चिकट भरडधान्य गुंडाळा, राखेच्या दाट पाण्यात मऊ शिजवा आणि पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी व उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी खा. कारणही तो देतो: यिन आणि यांग, म्हणजे चिनी विचारातली एकमेकांना पूरक अशी दोन विरुद्ध तत्त्वं, अजून एकमेकांत गुंडाळलेली आहेत, त्याचं हे प्रतीक. कवीचा तिथे उल्लेखही नाही. म्हणजे ऋतूचा पदार्थ आधी, कवी नंतर.

राखेचं पाणी म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. आपला पापडखारही असाच अल्कधर्मी. त्याने स्टार्च जास्त फुगतो, दाणे एकजीव होऊन लवचीक, अर्धपारदर्शक होतात, आणि तांदळातली फ्लॅव्होनॉइड्स ही वनस्पतीतली द्रव्यं पिवळी पडतात. अल्कधर्मी अन्नात बरेच जिवाणू सहज वाढत नाहीत, उन्हाळ्यात हा मोठाच फायदा. आज अर्धा किलो तांदळाला खाण्याचा सोडियम कार्बोनेट सुमारे 5 ग्रॅम पुरतो. जास्त झाला की साबणासारखी कडवट चव येते.

चिकट तांदळात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं. त्यातला स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन या चिकट प्रकारचा, म्हणून तो धरून राहतो. तांदूळ 4 ते 6 तास भिजवा. बांबूची वाळकी पानं उकळून मऊ करा, नाहीतर दुमडताना चिरतात. दोन पानं एकावर एक ठेवून शंकू करा, पण काठोकाठ भरू नका. आवळून बांधलं तर दाण्याला फुगायला जागा राहत नाही आणि गाभा कच्चा राहतो. ढिलं बांधलं तर पाणी शिरून लगदा होतो. पुरचुंड्या पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात 2 ते 3 तास शिजवा. मधे पाणी घालावं लागलं तर उकळतंच घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि मधले दाणे टणक राहतात.