टीकॅसची पार्श्वभूमी : पायलटने ऐकायचं कोणाचं?

टीकॅस म्हणजे विमानातलं असं यंत्र, जे जवळ येणारी दुसरी विमानं ओळखून टक्कर टाळायला पायलटला सावध करतं. १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन विमानं आदळून १२८ माणसं गेली तेव्हापासून असं काहीतरी हवं ही मागणी होती, पण अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना ते सक्तीचं व्हायला १९९३ संपत आलं. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ची हरियाणातल्या चरखी दादरीवरची टक्कर व्हावी लागली. वर चढणाऱ्या सौदी जंबोला १४,००० फुटांची मर्यादा दिलेली, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० ची, ते त्याच्याही खाली आलं आणि ३४९ जण गेले. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसायचीच नाही, फक्त ठिपका, आणि दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. नंतर भारतात ते सक्तीचं झालं.

स्क्रीनवर दूरचं विमान पोकळ डायमंडसारखं दिसतं, शेजारी +०३ असेल तर ते ३०० फूट वर आहे, आणि बाण असेल तर चढतंय किंवा उतरतंय. धोका जवळ आला की त्याचा पिवळा गोल होतो आणि आवाज येतो "ट्रॅफिक, ट्रॅफिक", ही टीए (ट्रॅफिक अॅडव्हायझरी), म्हणजे नुसती सूचना. अजून जवळ आलं की लाल चौकोन, ही आरए (रिझोल्यूशन अॅडव्हायझरी), म्हणजे काय करायचं त्याचा आदेश, मग "क्लाइंब, क्लाइंब" किंवा "डिसेंड, डिसेंड", आणि व्हर्टिकल स्पीडच्या (चढण्या-उतरण्याच्या वेगाच्या) डायलवर लाल-हिरवा पट्टा उमटतो, काटा हिरव्यात न्यायचा, बस. दोन्ही विमानांची यंत्रं आपसात ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. डावीकडे-उजवीकडे वळा असं टीकॅस कधीच सांगत नाही, कारण अंतर आणि उंची त्याला नीट कळते पण दिशेचा अंदाज तेवढा पक्का नसतो. म्हणून नुसतं ते चित्र बघून विमान वळवायचं नसतं.

आता खरा घोळ. आरए म्हणते वर जा आणि त्याच वेळी जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर म्हणतो खाली जा, तर ऐकायचं कोणाचं? याचं एकच ठाम उत्तर कितीतरी वर्षं सगळीकडे लिहिलेलंच नव्हतं. कुठल्या मॅन्युअलात आरए पाळा, कुठे टीकॅस हा कंट्रोलरला फक्त बॅकअप. ३१ जानेवारी २००१ ला जपानवर नेमकं हेच झालं, कंट्रोलरने चुकून भलत्याच विमानाला खाली यायला सांगितलं, त्या विमानाने आरए सोडून कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने आरए ऐकली, दोघंही खाली. अगदी शेवटच्या क्षणी एकमेकांना बघून वाचले, १०० च्या आसपास लोक जखमी झाले. जपानने हा मुद्दा आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेकडे नेला, पण १७ महिने काही हललं नाही.

आणि मग १ जुलै २००२, जर्मनीतलं यूबरलिंगन. एक रशियन प्रवासी विमान, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, आणि समोरून एक मालवाहू विमान. रशियन विमानाला कंट्रोलरने खाली जा सांगितलं आणि ७ सेकंदांनी टीकॅस म्हणालं क्लाइंब. को-पायलटने ते बोलूनही दाखवलं, पण उतरणं चालूच राहिलं. त्यात कंट्रोलरने समोरचं विमान उजवीकडे असल्याचं सांगितलं, प्रत्यक्षात ते डावीकडून येत होतं. त्या मालवाहू विमानाने आपली डिसेंड आरए बरोबर पाळली, म्हणजे पुन्हा दोघंही खाली. ७१ मृत्यू. पायलट चुकले एवढंच म्हणून लोक मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही, ज्यांनी नियम संदिग्ध ठेवला त्यांच्याकडे जपानचं उदाहरण आधीच होतं.

त्यानंतर कुठे स्पष्ट झालं की आरए आली की आरएच पाळायची, कंट्रोलर काहीही म्हणो, आणि उलट दिशेला तर कधीच जायचं नाही. सॉफ्टवेअरही बदललं, ७.१ व्हर्जनमध्ये समोरचा ऐकत नाहीये हे यंत्राला लवकर कळतं आणि ते स्वतःचा आदेश उलटवतं. गोंधळात टाकणारं "अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड" जाऊन तिथे "लेव्हल ऑफ" (चढणं-उतरणं थांबवून सरळ राहा) आलं.

एक फट मात्र राहिलीये. जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली आरए मुद्दाम बंद असते, कारण लँडिंगच्या वेळी असा अचानक आदेश स्वतःच धोक्याचा ठरू शकतो. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणारं विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर ३०० फुटांच्या आसपास आदळले, ६७ जण गेले. विमानाच्या कॉकपिटमध्ये सुमारे २० सेकंद आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" वाजलं होतं. त्यापुढे काय करायचं हे त्या उंचीवर टीकॅस सांगतच नाही.