धुरके

औद्योगिक गावे व शहरे यांच्या हवेत धूर, वायू आणि धुके एकत्र येऊन जमिनीलगत दाटणारा दूषित थर. धूर व धुके या शब्दांच्या जोडणीतून ‘धुरके’ तयार झाले. ‘धूम्रधुके’ असेही लिहितात. या एका नावाखाली रासायनिक दृष्ट्या भिन्न अशा दोन गोष्टी मोडतात. गंधकी धुरक्यात दगडी कोळशाची काजळी व सल्फर डाय-ऑक्साइड थंड, दमट हवेत धुक्याशी मिसळतात. प्रकाशरासायनिक धुरक्यात मात्र काजळी नाममात्र असते, धुके तर बहुधा नसतेच; वायूंवर कडक ऊन पडून तपकिरी धूसरपणा येतो. त्याला हे नाव चिकटले ते केवळ सवयीने.

‘स्मॉग’ या इंग्रजी शब्दाचे जनकत्व बहुतेक संदर्भग्रंथ हेन्री अँत्वान दे व्हू या डॉक्टरांना देतात. कोळशाच्या धुराविरुद्ध काम करणाऱ्या लंडनमधील संस्थेचे ते कोषाध्यक्ष होते आणि १९०५ साली सार्वजनिक आरोग्य परिषदेपुढील निबंधात त्यांनी हा शब्द वापरला. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतील अमेरिकी छापील मजकुरातही तो आढळतो. लॉस अँजेल्समधील एका दैनिकाने १८९३ मध्ये त्याचे श्रेय एका विनोदी इंग्रज लेखकाला दिले होते, मात्र लेखकाचे नाव दिले नव्हते. तेव्हा दे व्हू यांना शब्दाचे निर्माते न म्हणता प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. १९११ मध्ये मँचेस्टरच्या परिषदेपुढे त्यांनी मांडलेल्या अहवालात १९०९ च्या शरद ऋतूत ग्लासगो व एडिंबरो येथे धूर-धुक्याने हजारावर मृत्यू झाल्याचे म्हटले होते. शब्द सर्वतोमुखी झाला तो या अहवालानंतर.

धुराची तक्रार शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने लंडनमध्ये समुद्रमार्गे येणारा कोळसा जाळण्यास बंदी घातली. या हुकमाचे वर्ष काही अभ्यासक १३०६, तर काही १३०७ देतात. हुकूम मोडणाऱ्यास देहदंड दिल्याची कथा नंतरच्या पुस्तकांत वारंवार येते, परंतु तिला समकालीन आधार क्षीण असल्याने ती आख्यायिकाच समजावी. इंग्रज लेखक जॉन ईव्हलिन यांनी १६६१ मध्ये धूर ओकणारे धंदे शहराबाहेर हलवावेत व सभोवती सुगंधी झाडे लावावीत, अशी सूचना केली. प्रत्यक्ष कायद्याचा रेटा आला तो मात्र धुरापेक्षा आम्लामुळे. लब्लांक पद्धतीने सोडा बनवताना मिठावर सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया करीत आणि त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू धुराड्यांतून सरळ बाहेर सोडीत. आसपासची झाडे व पिके त्याने करपत. ब्रिटनच्या १८६३ च्या कायद्याने या वायूचा किमान ९५ टक्के भाग पाण्यात शोषून घेणे कारखान्यांवर बंधनकारक केले. त्याचे पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ होते. ‘अम्लवर्षा’ ही संज्ञा त्यांच्या नावे सांगतात. तिचे वर्ष अनेक ठिकाणी १८५२ दिले जाते. पण त्या वर्षीचे त्यांचे काम मँचेस्टरच्या पावसातील अम्लतेच्या मोजणीचे आहे आणि संज्ञेसाठी १८७२ चा ग्रंथ हा अधिक भरवशाचा आधार आहे.

धुरके साचते ते मुख्यतः तापमान व्युत्क्रमणामुळे, म्हणजे खाली गार व वर उबदार हवा अशा उलट्या रचनेमुळे. एरवी उंचीबरोबर हवा सरासरी दर किलोमीटरला ६.५° से. थंड होत जाते व जमिनीलगतची उबदार हवा धूर घेऊन वर चढते. हिवाळ्यात निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते, खालची हवा वरच्या थरापेक्षा गार होते आणि झाकण घातल्यासारखी अडकते. दरीत वसलेल्या गावांत हा परिणाम तीव्र असतो. बेल्जियममधील म्यूझ नदीच्या कारखानदारी खोऱ्यात डिसेंबर १९३० मध्ये सुमारे ६० माणसे दगावली. चौकशी मंडळाने गंधकाच्या संयुगांकडे बोट दाखवले. काइ रोहोल्म या डॅनिश वैद्यकांनी पुढे फ्लुओरीन संयुगांना दोष दिला. मंडळाचे मत अधिक मानले जात असले, तरी वाद पूर्णतः मिटलेला नाही. असे धुरके लंडनवर आले तर सुमारे ३,२०० बळी जातील, असा अंदाज बेल्जियममधील वैद्यक फिर्के यांनी तेव्हाच वर्तवला होता. पेनसिल्व्हेनियातील डोनोरा या जस्त व पोलाद कारखान्यांच्या गावी ऑक्टोबर १९४८ मध्ये २० जण मरण पावले. गावची वस्ती जेमतेम १४,००० होती.

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळातील धुरक्याने सुमारे ४,००० बळी गेल्याचे प्रथम सांगितले गेले. पुढील आठवड्यांतही मृत्यूंची संख्या चढीच राहिली, ती तेव्हा इन्फ्ल्यूएंझाच्या खाती टाकली गेली. २००१ मधील फेरपडताळणीने एकूण आकडा १२,००० च्या आसपास नेला असून आता हे मत अधिक ग्राह्य धरतात. गंधकी वायूचे अम्ल इतक्या झपाट्याने कसे झाले, हाही प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. थेंब अम्लधर्मी होताच विक्रिया मंदावायला हवी. २०१६ मधील एका अभ्यासानुसार कोळशातूनच येणाऱ्या नायट्रोजन डाय-ऑक्साइडने ऑक्सिडीकरण घडवले. धुक्याचे थेंब मोठे असल्याने अम्ल विरल राहिले आणि पाणी उडून जाताच ते तीव्र झाले. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि घरगुती चुलीही प्रथमच नियमांच्या कक्षेत आल्या.

प्रकाशरासायनिक प्रकार लॉस अँजेल्सला जुलै १९४३ मध्ये प्रकर्षाने जाणवला. संशय प्रथम कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर आला, पण तेथील उत्पादन थांबवूनही डोळ्यांची आग कायम राहिली. १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी उलगडा केला. सूर्यप्रकाशात नायट्रोजन डाय-ऑक्साइडचे विघटन होऊन सुटा ऑक्सिजन अणू मिळतो, तो ऑक्सिजनशी जुळून ओझोन बनतो. एवढ्यावर ओझोन साठत नाही, कारण उरलेला नायट्रिक ऑक्साइड तो लगेच खातो. वाहने व तेलशुद्धीकरण कारखान्यांतील हायड्रोकार्बनांपासून बनणारी परॉक्सी मूलके (अतिक्रियाशील रेणुखंड) नायट्रिक ऑक्साइडचे परस्पर डाय-ऑक्साइड करतात, म्हणून ओझोन शिल्लक राहतो. डोळे चुरचुरतात ते बव्हंशी परॉक्सिअ‍ॅसिटिल नायट्रेटासारख्या उपउत्पादांमुळे.

श्वसनमार्ग व हृदय यांवरील परिणाम सर्वज्ञात आहेत. सर्वांत घातक मानले जातात ते २.५ मायक्रोमीटर व त्याहून लहान व्यासाचे कण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरी मर्यादा दर घन मीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. बाह्य हवेच्या प्रदूषणाची कर्करोगकारक म्हणून नोंद २०१३ ची आहे.

धुराड्यांच्या धुराचा काळेपणा पूर्वी रिंगेलमान तक्त्याने, म्हणजे शून्य ते पाच अंकांच्या छटांशी नजरेने ताडून ठरवीत. कण पकडण्यासाठी फ्रेडरिक कॉट्रेल यांचा स्थिर विद्युत् अवक्षेपक विसाव्या शतकाच्या प्रारंभी आला. उंच धुराड्यांनी गावची हवा सुधारली, पण गंधक दूरवर वाहून स्कँडिनेव्हियातील सरोवरांत उतरले. त्यावरून १९७९ मध्ये जिनीव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला व तो १९८३ पासून लागू झाला.