घशातच मिटणारे तंटे

दोन हरणांची शिंगे एकमेकांत अडकलीत, खुरांनी चिखल उडतोय आणि खाली ओळ : ‘लढेल तोच राजा!’ हा व्हिडिओ गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपांवरून आला. दिसायला झकास. पण लाल हरणांच्या नरांमधले बरेचसे तंटे शिंगांपर्यंत पोहोचतच नाहीत.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचे बेट आहे. तिथल्या लाल हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे. सप्टेंबर सरत आला की नर माजावर येतात. दांडगा नर माद्यांचा घोळका राखतो, खाणेपिणे जवळजवळ सोडतो, आणि हंगाम संपेपर्यंत कधी कधी वजनाचा पाचवा हिस्सा गमावतो. प्रतिस्पर्धी आला की आधी दोघे आळीपाळीने बैलासारखे डुरकतात. टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह आल्बन या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवले, की पुष्कळदा पाहुणा इथेच काढता पाय घेतो. तो टिकलाच, तर दोघे समांतर येरझाऱ्या घालतात. टक्कर त्यानंतरची.

नुसत्या आवाजाला एवढे का भ्यायचे? नळाखाली घागर भरताना कान द्या. पाणी चढते तशी आतली हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज चढा होत जातो. हरीण नेमके उलटे करते. मान ताणून ते स्वरयंत्र खाली ओढते, पार छातीच्या हाडापर्यंत. स्वरयंत्र ते ओठ ही नळी पाऊण मीटरच्या आसपास जाते. ही नळी स्वरयंत्राच्या टोकाला जणू बंद, ओठांशी उघडी. अशा नळीची सर्वांत खालची अनुनाद-वारंवारता (म्हणजे आतली हवा जिथे जोराने घुमते तो स्वर) म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. इथे साधारण ११५ हर्ट्झ. त्यापुढचे अनुनाद तिच्या तिप्पट, पाचपट. नळी जितकी लांब, तितके ते एकमेकांजवळ सरकतात आणि आवाज भरदार होतो. आता गंमत बघा : छातीचे हाड आडवे आले की स्वरयंत्र आणखी खाली जाऊच शकत नाही. बारक्या नराने कितीही जोर लावला तरी त्याची नळी आखूडच राहणार. थापेला जागा नाही! डेव्हिड रेबी आणि कॅरन मॅकोंब या संशोधकांनी २००३ मध्ये रमच्या नरांचा हिशेब मांडला, तेव्हा हे खालचे अनुनाद वय आणि वजनाशी जुळलेच, शिवाय आयुष्यभरात झालेल्या पिल्लांच्या संख्येशीही जुळले.



खाली उतरलेले स्वरयंत्र ही बोलणाऱ्या माणसाचीच मिरास, असे २००१ पर्यंत बरेच जण धरून चालले होते. त्या वर्षी जीवशास्त्रज्ञ टेकमसे फिच आणि रेबी यांनी हरणांचे डुरकणे मोजून तो तोरा उतरवला. पुढे नरांना लाउडस्पीकरवरून कृत्रिमरीत्या लांब केलेल्या नळीचे आवाज ऐकवले गेले. नर जास्त डुरकले, आणि उत्तर देताना त्यांनी आपलेही स्वरयंत्र आणखी खाली खेचले.