पार्श्वभूमी : नाव तेच, हात दुसरा

२०१९ च्या पावसाळ्यातला एक रविवार. नागपुरात प्रतापनगरातली भाड्याची खोली, रात्रीचे दहा वाजून गेलेले. माझा मित्र पाठीला बॅग अडकवून उभा होता आणि समोरच्या लॅपटॉपवर त्याची ऑनलाइन पोकरची टूर्नामेंट चालू होती. संध्याकाळी सातला बसला तेव्हा चारशेच्या वर लोक होते, आता एकतीस उरले होते आणि पुण्याची गाडी सुटायला चाळीस मिनिटं. लॅपटॉप माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, "बस माह्या जागी. बुटीबोरीच्या पुढं रेंज राहत नाही बे. जे येईल त्यातले अर्धे तुले, अर्धे मले."

मी बसलो. तो सावध खेळणारा, पान आल्याशिवाय पैसे न लावणारा. मी तसा नाही. वीसेक मिनिटांत मी एकाला नुसत्या हुलीवर मोठ्या डावातून उठवलं आणि पान दाखवलं. दाखवायला नको होतं, पण हौस. त्यानं चॅटमध्ये लिहिलं, "भाई, तू तो ब्लफ नहीं मारता था."

एकाच्या नावावर दुसऱ्यानं खेळायचं सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. तो माणूस तीन तास माझ्या मित्राला वाचत बसला होता. त्या वाचनावर भरवसा ठेवून त्यानं पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला, आणि वाचलेला माणूस तोवर नागपूर स्टेशनावर पोचला होता.

आपल्याकडे पत्त्याच्या फडात जागा बदलणं नवीन नाही. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत विदर्भात कुठेही तीन पत्तीचा फड बसला की कोणीतरी मध्येच उठतो, "जरा माझे पत्ते धर" म्हणतो, आणि मेव्हणा नाहीतर शेजारी त्याच्या पैशावर दोन हात खेळतो. कोणी काही म्हणत नाही. फार तर एखादा म्हातारा बजावतो की चाल सुरू असताना नको, हात संपला की बस. चालतं, कारण सगळ्यांना दिसतं. नवा भिडू बसला की बाकीचे आपली चाल त्याच्या हिशेबानं बदलतात.

हरकतही जुनीच आहे. सभापर्वात दुर्योधन म्हणतो, रत्नं आणि धन देणारा मी. "मदर्थे देविता चायं शकुनिर्मातुलो मम", माझ्यासाठी खेळेल हा शकुनिमामा. त्यावर युधिष्ठिर म्हणतो, एकासाठी दुसऱ्यानं खेळणं मला विषम वाटतं. आणि लगेच पुढे, पण तुमची मर्जी असेल तर होऊ दे. आपण फाशांच्या कपटाबद्दल बोलतो, या हरकतीबद्दल फारसं बोलत नाही. तरी एक गोष्ट दुर्योधनाच्या बाजूनं सांगायला हवी: त्यानं शकुनीला सगळ्यांसमोर बसवलं. सभेत कोणालाही भ्रम नव्हता की फासे कोणाच्या हातात आहेत.

पडद्यावर तेवढंही उरत नाही. खऱ्या पैशाचा ऑनलाइन पोकर १ जानेवारी १९९८ ला 'प्लॅनेट पोकर' या साइटवर सुरू झाला. तिथे खेळाडू म्हणजे एक टोपणनाव, एक चित्र आणि पुढ्यातल्या चिप्सचा आकडा. माणूस उठला काय, बसला काय, नाव तसंच लुकलुकत राहतं. सुरुवातीच्या वर्षांत याकडे कोणी गंभीरपणे पाहिलंही नाही. मित्राच्या खांद्यावरून डाव पाहणं आणि मध्येच "टाक रे, टाक" म्हणणं हे कॉलेजच्या खोल्यांमधलं रोजचंच होतं. पण २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून घरी गेला. त्यानंतर रविवारच्या ऑनलाइन टूर्नामेंटची बक्षिसं फुगली. जागा दुसऱ्याच्या हाती द्यायचा मोह तिथून सुरू झाला.

हा मोह नेमका शेवटच्या टप्प्यातच का येतो, हे बक्षिसाच्या रचनेवरून कळतं. टूर्नामेंटमध्ये सगळे सारखीच प्रवेश फी भरतात, त्यातून आयोजक आपली नाल, म्हणजे कमिशन, काढतो, आणि बाकी रक्कम वरच्या साधारण दहा-पंधरा टक्क्यांत वाटली जाते. वाटणी सारखी नसते. बहुतेकांना फीच्या दीड-दुप्पट मिळतं. खरा पैसा शेवटच्या टेबलावरच्या आठ-नऊ जणांसाठी असतो आणि त्यातही पहिल्या तिघांचा वाटा मोठा. पहिले सहा तास सामान्य खेळाडूही नीट पत्ते टाकत, थोड्या नशिबावर पार करू शकतो. शेवटी मात्र चिप्स थोड्या, प्रत्येक निर्णय जड, आणि कसलेला माणूस तिथे कितीतरी जास्त कमावतो. त्यामुळे दमलेल्या नवख्याचं खातं रात्री दोन वाजता पट्टीच्या खेळाडूच्या हाती गेलं, तर दोघांचाही फायदा असतो. तोटा टेबलावरच्या बाकीच्यांचा, आणि त्यांना तो कळतही नाही.

२००७ मध्ये हे दोनदा उघड्यावर आलं. सप्टेंबरात पोकरस्टार्स या साइटच्या वार्षिक ऑनलाइन मालिकेची मुख्य स्पर्धा 'द व्हॉइड' नावाच्या खात्यानं जिंकली. पहिलं बक्षीस बारा लाख डॉलरच्या वर. चौकशीनंतर कंपनीनं ते खातं बाद केलं, कारण खातं एका बाईच्या नावावर होतं आणि खेळणारा हात तिचा नव्हता. खालच्या सगळ्यांना एकेक पायरी वर सरकवलं. त्या बाईनं आइल ऑफ मॅनच्या कोर्टात दावाही लावला होता, तो पुढे मागे घेतला गेला.

दुसरं प्रकरण आपल्या विषयाला जास्त जवळचं. एका पोकर मासिकाच्या संपादन विभागात काम करणारा ख्रिस वॉन हा फुल टिल्ट या साइटवरच्या, दहा लाख डॉलर बक्षिसांची हमी असलेल्या टूर्नामेंटमध्ये शेवटपर्यंत आला होता. तिथे त्यानं आपली जागा कॅनडाच्या सोरेल मिझी या नावाजलेल्या व्यावसायिकाला विकली. मिझी त्या खात्यावर बसला आणि जिंकला. साइटनं निकाल रद्द केला. गंमत म्हणजे वॉन आदल्याच आठवड्यात दुसऱ्या साइटवरची मोठी टूर्नामेंट जिंकून बसला होता. आता त्याही विजयाकडे लोक संशयानं पाहू लागले. जागा विकली की आधीचं खरंखुरं नावही हातचं जातं, हे त्या सौद्यात कोणी मोजलं नसावं.

मिझीची बाजू घेणारेही तेव्हा होते. घोड्यात भागी विकता येते, प्रवेश फीत भागीदार घेता येतो, मग जागा का नाही? भागीदारी पोकरमध्ये सर्रास चालते हे खरं आहे. एखाद्याची फी दुसरा भरतो आणि जिंकलेल्यातला वाटा घेतो, त्यात कोणाची फसवणूक नाही. पण पैसा वाटून घेणं वेगळं आणि निर्णय वाटून घेणं वेगळं. घोड्याचे मालक दहा असले तरी शर्यत अर्ध्यावर आली म्हणून घोडा बदलत नाहीत. क्रिकेटमध्येही बदली खेळाडू क्षेत्ररक्षणाला येतो, पण डोक्याला मार लागल्यासारखे अपवाद सोडले तर जखमी फलंदाजाच्या जागी त्याला बॅट मिळत नाही. आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर धावायला दिलेला रनरसुद्धा २०११ मध्ये बंद झाला. परीक्षेत दुसरा बसवला तर आपण त्याला सरळ डमी म्हणतो. तिथे कोणी भागीदारीचा युक्तिवाद करत नाही.

समोरासमोरच्या पोकरमध्ये 'एका हाताला एकच खेळाडू' हा नियम मुरलेला आहे. ऑनलाइन साइट्सनी तो अटींमध्ये लिहिला: खातं एकाचं, खेळणारा तोच. शोधायच्या रीतीही हळूहळू आल्या. टूर्नामेंटच्या मध्येच लॉगिन दुसऱ्या गावातून झालं का, उपकरण बदललं का, निर्णयाला लागणारा वेळ आणि लावायच्या रकमेची सवय अचानक पालटली का. पुढे काही साइट्स मोठ्या टेबलावर चेहरा दाखवायलाही सांगू लागल्या. माझ्या मित्राच्या बाबतीत मात्र लॅपटॉप तोच, वायफाय तोच, खोली तीच. संशय आला तो चॅटमधल्या त्या एकट्यालाच.

पूर्ण जागा सोडणं आणि कानात सांगणं यांच्या मधली रेघ अजून पुसट आहे. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत विजेत्या जोनाथन तमायोचे सहकारी कडेला लॅपटॉप उघडून बसले होते आणि तो डावांच्या मध्ये त्यांच्याकडे जात होता. बक्षीस एक कोटी डॉलर. निकाल कायम राहिला, पण वाद इतका झाला की पुढच्या वर्षी नियम कडक झाले. नागपूरकरांना हे बुद्धिबळातून जास्त लवकर कळेल. दिव्या देशमुख, रौनक साधवानी यांच्या गावात डावाच्या वेळी बाहेरून सल्ला घेतला तर काय होतं हे शाळकरी पोरगंही सांगेल. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंदबरोबरच्या मदतनिधीच्या ऑनलाइन डावात उद्योजक निखिल कामत यांनी जाणकारांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतल्याचं स्वतः कबूल केलं. उद्देश चांगला होता, तरी लोक चिडले ते चिडलेच.

भारतात या प्रश्नाला आणखी एक गाठ होती. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच आडोशाला पोकरच्या कंपन्याही उभ्या राहिल्या. पोकरबद्दल उच्च न्यायालयांचं एकमत नव्हतं. गुजरातनं २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला. पण कौशल्य हाच बचाव असेल, तर कौशल्य कोणाचं हे विचारावंच लागतं. खातं पॅन आणि ओळखपत्रावर चालायचं, तीस टक्के कर खातेदाराच्या नावानं कापला जायचा, आणि प्रत्यक्ष डोकं चालवणारा कागदावर कुठेच नसायचा.

त्या रात्री मी सहावा आलो. ३४,००० रुपये, कर जाऊन २३,८००. मित्र मनमाडला चहा पीत होता तेव्हा मी फोन केला. वाटणी झाली. चॅटमधल्या माणसाबद्दल आम्ही बोललो नाही. तो आमच्या आधीच, दहाव्या की अकराव्या नंबरवर बाद झाला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा भेदच त्यात ठेवला नाही. अॅप्सनी टेबलं बंद केली आणि शिल्लक काढून घ्या असे मेसेज पाठवले. मित्राच्या खात्यात ४१२ रुपये पडून होते. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर २०६ रुपये आले, खाली लिहिलं होतं, "अर्धे तुले."