सान्रिकु रेल्वे

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात धावणारी स्थानिक रेल्वे. दक्षिणेला साकारी, मध्ये कामाइशी आणि मियाको, उत्तरेला कुजी असा तिचा ‘रिआस मार्ग’ १६३ किमी लांबीचा आहे. रूळ १,०६७ मिमी रुंदीचे. गाड्या डिझेलवरच्या आणि पुष्कळदा एकाच डब्याच्या. स्थानिक लोक तिला ‘सानतेत्सु’ म्हणतात. ‘रिआस’ हे नाव किनाऱ्याच्या घडणीवरून पडले आहे. बुडालेल्या नदीखोऱ्यांच्या अरुंद खाड्या आणि त्यांच्या मधोमध थेट समुद्रात शिरलेले डोंगर असा हा मुलूख आहे. पूर्वी शेजारच्या गावी जायचे तरी घाट चढून उतरावा लागे, नाहीतर बोट गाठावी लागे.

या रेल्वेची कल्पनाच त्सुनामीनंतरची. १५ जून १८९६ च्या लाटेत या किनाऱ्यावर सुमारे २२,००० माणसे गेली आणि त्याच वर्षी येथे लोहमार्ग टाकण्याचा प्रस्ताव मांडला गेला. प्रत्यक्षात काम फार रेंगाळले. मियाको–कामाइशी हा तुकडा १९३९ मध्ये पुरा झाला. त्यानंतर मियाकोहून तारोपर्यंत १९७२ मध्ये, साकारीहून योशिहामापर्यंत १९७३ मध्ये आणि कुजीहून फुदाइपर्यंत १९७५ मध्ये गाडी गेली. तारो–फुदाइ आणि योशिहामा–कामाइशी ही मधली अंतरे मात्र रिकामीच राहिली. मध्येच संपणाऱ्या मार्गांना प्रवासी मिळणार तरी कुठून?

कर्जात बुडालेल्या जपानी राष्ट्रीय रेल्वेला सावरण्यासाठी १९८० मध्ये कायदा झाला आणि कमी प्रवाशांचे ८३ मार्ग तिच्याकडून काढून घ्यायचे ठरले. त्यांपैकी ४५ मार्गांवर अखेर बस आली, ३८ रेल्वे म्हणून टिकले. सान्रिकुचे तिन्ही अपुरे तुकडे पहिल्याच यादीत होते. ते सोडून देण्याऐवजी इवाते प्रांत, किनाऱ्यावरील गावे आणि खाजगी भागधारक यांनी १९८१ मध्ये कंपनी काढली. सरकारी व खाजगी भांडवलाच्या अशा कंपनीला जपानमध्ये ‘तिसरे क्षेत्र’ म्हणतात. राहिलेले दुवे जोडून १ एप्रिल १९८४ रोजी गाड्या सुरू झाल्या. राष्ट्रीय रेल्वेचे मार्ग असे चालवायला घेणारी ही देशातील पहिली कंपनी. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे ती नफ्यातही होती. पुढे मोटारी वाढल्या, गावे ओसरली आणि तोटा कायमचा झाला.

११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या आणि त्सुनामीच्या वेळी दक्षिणेकडील एक गाडी कुवादाइ बोगद्यात होती, म्हणूनच ती वाचली. शिमानोकोशी स्थानक मात्र पुलासकट वाहून गेले. वीज नसल्याने मियाकोत उभ्या असलेल्या एका डिझेल डब्यातच कंपनीने आपत्कालीन कचेरी थाटली. पाचच दिवसांनी, १६ मार्चला, कुजी–रिकुचू-नोदा गाडी सुटली. त्या दिवसांत भाडे घेतले जात नव्हते. कुवेतच्या मदतीतून नवे डबे आले आणि एप्रिल २०१४ मध्ये सान्रिकुचे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील असे दोन्ही मार्ग पूर्ववत झाले. शिमानोकोशीला पुलाऐवजी भराव घातला गेला. तो लाटेला अडवणारा बांध म्हणूनही उपयोगी पडावा, हा त्यामागचा विचार.

या दोहोंमधला मियाको–कामाइशी तुकडा तेव्हा राष्ट्रीय रेल्वेच्या जागी आलेल्या पूर्व जपान रेल्वे कंपनीकडे होता आणि रुळांच्या जागी बस चालवावी, असे तिने सुचवले होते. गावांनी ते मानले नाही. शेवटी कंपनीने ५५.४ किमी मार्ग दुरुस्त केला, ३ अब्ज येन दिले आणि २३ मार्च २०१९ रोजी तो सान्रिकुच्या हवाली केला. साकारी ते कुजी हा प्रवास एकाच कंपनीच्या रुळांवर प्रथमच शक्य झाला. सात महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, हागिबिस वादळाने मार्ग पुन्हा अनेक जागी तोडला. त्याच वादळामुळे कामाइशीतील विश्वचषक रग्बीचा नामिबिया–कॅनडा सामनाही रद्द झाला होता. संपूर्ण मार्ग २० मार्च २०२० रोजी पुन्हा खुला झाला.

हिवाळ्यात काही डब्यांत ‘कोतात्सु’ मांडतात. हे खाली ऊब असलेले, वर गोधडी पांघरलेले बुटके मेज. पाय आत सरकवून लोक बर्फाळ किनारा बघत बसतात. दक्षिण टोकाच्या साकारी स्थानकात उतरले, की पुढे केसेन्नुमाकडे जाणारा जुना लोहमार्ग दिसत नाही. त्याची जागा डांबरी रस्त्याने घेतली आहे आणि सानतेत्सुच्या डब्याशेजारी फलाटालाच बस लागते.